आजोबांचे १२ पॉइंट आणि संगणकाचे १२ पॉइंट

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आजोबांच्या ट्रेडलवर (पायाने चालणाऱ्या छपाई यंत्रावर) छापलेली भजनांची पुस्तिका तुम्हाला जशी होती तशी पुन्हा काढायची आहे. त्या कामाची चिठ्ठी सापडली आहे: ‘डेमी १/८, मेजर २४ एम, १२ पॉइंट, २ पॉइंट लेड, पानी ३३ ओळी’. (पॉइंट हे अक्षरं मोजायचं एकक, मेजर म्हणजे ओळीची रुंदी, लेड म्हणजे दोन ओळींमध्ये घालायची शिशाची पट्टी.) तुम्ही हेच आकडे इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घातले, युनिकोड फॉन्ट लावला, तरी पान जुळत नाही. अक्षराचा आकार वेगळा दिसतो, ओळी वेगळ्याच ठिकाणी संपतात. जुन्या आणि नव्या पॉइंटमध्ये फरक असतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गुणायचा आकडा कोणता, असं तुम्ही विचारलंय.

आकडा लगेच देतो. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, काळातला पॉइंट ०.३५१५ मिलिमीटरचा, संगणकातला ०.३५२८ मिलिमीटरचा. जुन्या पॉइंटला ०.९९६ ने गुणलं की संगणकाचे पॉइंट येतात. आता हे तुमच्या पानाला लावून बघा. २४ एम (इथे एक एम १२ पॉइंटचा) रुंदी जुन्या मापाने १०१.२ मिलिमीटर, नव्याने १०१.६. एक ओळ १२ अधिक २ म्हणजे १४ पॉइंटची धरली तर ३३ ओळींची उंची जुन्या मापाने १६२.४ मिलिमीटर आणि नव्याने १६३. रुंदीत अर्धा मिलिमीटरही फरक नाही, उंचीत जेमतेम अर्ध्याच्या वर. कटिंगला पुस्तक गेलं की यापेक्षा जास्त इकडचं तिकडे होतं. त्यामुळे तुमच्या डोळ्यांना जे खटकतंय ते पॉइंटच्या फरकाने होत नाहीये. हा गुणाकार केला तरी पान जुळणार नाही.

खरी गोम कळायला एक खिळा हातात घ्या. जुन्या केसच्या (खिळे ठेवायच्या खणांच्या ट्रेच्या) एखाद्या घरात दोनचार तरी उरले असतील. डोक्यावर उलटं अक्षर, अंगावर एका बाजूला खाच. स्टिकमध्ये (हातात धरायच्या जुळणीच्या साच्यात) जुळवताना सगळ्या खाचा एकाच बाजूला आल्या की खिळे सुलटे बसले हे जुळाऱ्याला (कंपोझिटरला) अक्षर न वाचता कळतं. खाचेच्या बाजूपासून तिच्या विरुद्ध बाजूपर्यंतची जी जाडी आहे ती बॉडी, आणि १२ पॉइंट हे फक्त त्या जाडीचं माप. खिळ्याची उभी उंची वेगळी, ०.९१८ इंच, म्हणजे २३.३ मिलिमीटर. ती ६ पॉइंटपासून ७२ पॉइंटपर्यंत सगळ्यांना एकच, कारण ती कमीजास्त झाली तर एक अक्षर कागदात घुसेल आणि शेजारचं उठणारच नाही. रुंदी अक्षरागणिक बदलते. आता बघा, छापून आलेलं अक्षर प्रत्यक्षात किती मोठं, हे यातलं कुठलंच माप सांगत नाही. ते ठरतं पंच (अक्षराचा मूळ ठसा) कोरणाऱ्याने त्या १२ पॉइंटच्या जागेत अक्षराला किती जागा दिली यावरून.

देवनागरीत हा प्रश्न रोमनपेक्षा जास्त छळतो. तुमच्या पुस्तिकेतला ‘मूर्ती’ हा शब्द भिंगाखाली धरा, भजनांत तो कुठेतरी सापडेलच. ‘मू’चा ऊकार शिरोरेषेपासून बराच खाली उतरलाय. ‘र्ती’ची वेलांटी शिरोरेषेच्या वर चढलीय आणि तिच्याही माथ्यावर रफार बसलाय. हे सगळं एकाच बॉडीच्या हिशेबात बसवायचं. म्हणजे शिरोरेषेपासून कान्याच्या पायापर्यंतचा भाग, जो वाचताना आपल्याला ‘अक्षर’ म्हणून दिसतो, त्याच्या वाट्याला बॉडीची साधारण निम्मी उंची येते. उरलेली वर मात्रांना, खाली उकारांना. म्हणून १२ पॉइंट इंग्रजीशेजारी १२ पॉइंट मराठी बहुधा किरकोळ दिसते. आकड्यांना ना मात्रा ना उकार, त्यामुळे लहान बॉडीवरही ते ठसठशीत बसवता येतात. आपल्या सोलापूरच्या दाते पंचांगाचं कुठलंही पान उघडा. तेवढ्याशा जागेत आकड्यांच्या रांगाच्या रांगा वाचता येतात, तितक्याच दाटीत मजकूर असता तर कुणी वाचला नसता.

संगणकात धातू गेला, बॉडी मात्र राहिली. फॉन्ट करणारा एक काल्पनिक चौकट धरतो आणि त्यात अक्षर आपल्या मर्जीने बसवतो. विंडोजमधला मंगल आणि कोकिला हे दोन फॉन्ट १२ पॉइंटवर एकाखाली एक टाइप करून पाहा. कोकिला इतका बारीक दिसतो की आकार चुकला असं वाटावं. दोन्हींचा आकडा खरा आहे, फक्त तो चौकटीचा आहे, अक्षराचा नाही. तेव्हा आजोबांच्या १२ ला तुमच्या फॉन्टचे १२ लावणं हे दोन वेगळ्या माणसांच्या मर्जी जुळवण्यासारखं आहे, त्या कशा जुळणार?

मग वेगवेगळे पॉइंट आले कुठून, हेही तुम्ही विचारलंय. त्याची गोष्ट मजेशीर आहे म्हणून थोडा रेंगाळतो. आधी खिळ्यांना आकडे नव्हतेच, नावं होती. नॉनपरेल, ब्रेव्हियर, लाँग प्रायमर, पायका, ग्रेट प्रायमर. पुढे ती अनुक्रमे ६, ८, १०, १२ आणि १८ पॉइंटच्या आसपास धरली गेली. अडचण अशी की एका फाउंड्रीचा (खिळे ओतणाऱ्या कारखान्याचा) पायका दुसरीच्या पायकाशी जुळेलच असं नव्हतं. दोघांकडून माल घेतला की ओळ घट्ट बसत नसे, फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा जुळवलेला संच) आवळताना खिळे गळत. फ्रान्समध्ये फूर्निएने १७३७ मध्ये पॉइंटचं पहिलं कोष्टक काढलं. त्यानंतर १७८०च्या दशकात दिदोने फ्रेंच राजाच्या इंचाचे ७२ भाग पाडले. तो इंच आजच्या इंचापेक्षा मोठा, २७.०७ मिलिमीटरचा, म्हणून दिदो पॉइंट ०.३७६ मिलिमीटरचा झाला आणि त्याचे १२ मिळून एक सिसेरो, ४.५१ मिलिमीटर. जर्मनीत बर्थोल्डने १८७९ मध्ये एका मीटरचे २,६६० पॉइंट असं ठरवून तोच पॉइंट मेट्रिकला बांधला.

अमेरिकेत १८७१ च्या शिकागोच्या आगीत मार्डर, ल्यूस अँड कंपनीची फाउंड्री जळाली. नव्याने साचे करायचेच होते, तर ते एका शिस्तीत का करू नयेत, असा विचार तिथे झाला. नेल्सन हॉक्सने तो नेटाने लावून धरला. इंचाचा सहावा भाग म्हणजे पायका आणि पायकाचा बारावा म्हणजे पॉइंट, इतका सरळ हिशेब होता. पण १८८६ मध्ये फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेने प्रमाण ठरवायला घेतलं तेव्हा पारडं झुकलं फिलाडेल्फियाच्या मॅकेलर, स्मिथ्स अँड जॉर्डनच्या पायकाकडे. ते घर मोठं होतं, त्यांचा माल गावोगावी पसरलेला होता, आणि तो पायका इंचाच्या सहाव्या भागापेक्षा किंचित लहान होता. मग ८३ पायका म्हणजे ३५ सेंटिमीटर असं ठरलं. म्हणूनच ७२ पॉइंटचा पूर्ण इंच होत नाही, ०.९९६२ इंच होतो. कुणाचे साचे मोडीत काढायचे हा व्यापाराचा सवाल होता, आणि तो व्यापाराच्याच रीतीने सुटला. ब्रिटनने हेच माप १८९८ मध्ये घेतलं. आपल्याकडे यंत्रसामग्री आणि रीत दोन्ही ब्रिटिशांमागून आली, म्हणून आजोबांच्या केसमध्ये हाच पॉइंट.

संगणकवाल्यांनी शंभर वर्षांनी हॉक्सचा मूळ हिशेब पुन्हा उचलला, बहुधा सोय म्हणूनच. १९८४ च्या मॅकिन्टॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते, आणि पोस्टस्क्रिप्ट या छपाईसाठीच्या संगणकी भाषेने पॉइंट म्हणजे इंचाचा बरोबर ७२ वा भाग असं पक्कं केलं. संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड क्नुथच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये मात्र जुनाच पॉइंट आहे, इंचाला ७२.२७, आणि संगणकी पॉइंटला तिथे ‘बिग पॉइंट’ असं वेगळं नाव आहे. फोटोशॉपच्या सेटिंगमध्येही ७२ आणि ७२.२७ असे दोन पर्याय दिसतात. आता कळलं असेल ते कशाचे. सोलापूरकराला हे समजायला जड जाऊ नये: ४० नंबरचं सूत २० नंबरपेक्षा बारीक, पण डेनियरमध्ये, म्हणजे ठरावीक लांबीच्या वजनात, मोजलं तर मोठा आकडा जाड धाग्याचा. पद्धत न सांगता नुसता आकडा सांगण्यात अर्थ नसतो.

दिदोची काळजी तुम्ही करू नका. तो ७ टक्के मोठा आहे, म्हणजे तिथे खरंच फरक पडतो, पण तो जर्मन-फ्रेंच पुस्तकांत. तुमच्या पुस्तिकेशी त्याचा संबंध नाही.

चिठ्ठीतला ‘एम’ मात्र नीट समजून घ्या. एम म्हणजे त्या टाइपाच्या बॉडीएवढा चौरस, १८ पॉइंटला १८ चा, १० ला १० चा. पण ओळीची रुंदी, म्हणजे मेजर, सांगताना एम हा कायम १२ पॉइंटचा, पायकाचा. आत टाइप कुठलाही असो. तुमच्या पुस्तिकेत मजकूर १२ चाच असल्यामुळे घोटाळा झाला नाही. पण मथळ्याच्या चिठ्ठीत ‘१८ पॉइंट, २ एम आत’ असं असेल तर तिथे जुळाऱ्याने बहुधा १८ चेच दोन क्वाड (कोरे चौकोनी खिळे) टाकले असणार, म्हणजे ३६ पॉइंट. ते २४ धरू नका.

आता प्रत्यक्ष काम. चिठ्ठी बाजूला ठेवा आणि छापलेल्या पानावर या. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून माप घेऊ नका, कडेला रेषा वाकतात. स्टीलची पट्टी पानावरच ठेवून मोजा. स्कॅन करायचं असेल तर पट्टीही पानासोबत काचेवर ठेवा, म्हणजे स्कॅनरने माप ताणलं का ते नंतर तपासता येईल.

पहिलं माप ओळीचं. एखादं सलग भजन घ्या, मध्ये मथळा किंवा कडव्याची मोकळी जागा नको, कारण पान भरायला जुळारी तिथे हमखास जादा लेड सरकवत असे. पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपासून एकविसाव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत मोजा. इंग्रजीवाले यासाठी अक्षरांच्या तळाची रेषा शोधत बसतात. आपल्याकडे शिरोरेषा आयतीच आखलेली असते. इतक्या सलग ओळी देणारं भजन सापडलं नाही तर दहा ओळींचं अंतर घ्या, पण एकाच ओळीचं घेऊ नका, पट्टीवरची चूक सगळी तिच्या अंगावर येते. समजा वीस ओळींचं अंतर ९८.५ मिलिमीटर आलं. एका ओळीचे ४.९२५ मिलिमीटर. ०.३५१५ ने भागा, १४ येतात. म्हणजे चिठ्ठी खरी, १२ वर २. संगणकाच्या पॉइंटमध्ये ते १३.९६, आणि लीडिंगच्या (ओळीपासून ओळीच्या अंतराच्या) खान्यात तेच लिहा.

दुसरं माप अक्षराचं, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. ‘ग’ किंवा ‘म’ असं सरळ कान्याचं अक्षर निवडा. भिंगाखाली शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या पायापर्यंतची उंची मोजा. शाई पसरून एखादं अक्षर फुगलेलं असतं, म्हणून वेगवेगळ्या पानांवरची आठदहा घ्या आणि सरासरी काढा. मग तुमच्या फॉन्टमध्ये तेच अक्षर १०० पॉइंटवर टाकून, छापून, तीच उंची मोजा. समजा पुस्तिकेत २.३ मिलिमीटर आले आणि तुमच्या फॉन्टमध्ये १८ आले. २.३ भागिले १८ गुणिले १००, म्हणजे १२.८. तुमचा फॉन्ट १२.८ पॉइंटला लावायचा. दुसरा फॉन्ट घेतला तर हाच आकडा ११ येईल किंवा १५ येईल. त्याने गांगरून जाऊ नका. आकार १५ आणि लीडिंग १३.९६ असं उलटं दिसलं तरी चालतं, फक्त ‘मूर्ती’सारख्या शब्दातला ऊकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकत नाही ना, एवढं पाहा. टेकत असेल तर तो फॉन्ट या कामाचा नाही.

तिसरं माप रुंदीचं. चौकट १०१.२ मिलिमीटर करा. खाना पॉइंटचा असला तरी मिलिमीटर लिहिलेलं चालतं. शब्दांमधली जागाही मोजा, ती कुणी मोजत नाही. खिळ्यांत नेहमीचा स्पेस एमचा तिसरा भाग, म्हणजे १२ पॉइंटला ४ पॉइंट, साधारण १.४ मिलिमीटर. ओळ मेजरला बसवायची तर चौथ्या-पाचव्या भागाचे बारीक तुकडे घालून कमीजास्त करत. भजनाच्या ओळी दोन्ही कडांना ताणलेल्या नसतात, त्यामुळे तिथे स्पेस बहुतेक एकसारखा सापडेल. फॉन्टमधला स्पेस यापेक्षा अरुंद असेल तर ओळ आधी संपते, आणि तुम्हाला वाटतं अक्षर लहान पडलं.

हे सगळं करूनही अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे राहीलच. साठेक वर्षांचा कागद आहे. तो दमटपणात फुगतो, आपल्या उन्हाळ्यात आकसतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. दोन पॉइंटमधला जो फरक तुम्हाला सतावत होता, तो कागदाच्या या चाळ्यात हरवून जातो.

तुमच्या पुस्तिकेत काही पदं कन्नड आणि तेलुगूतही आहेत, असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय. ते सहज घेऊ नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू वस्तीतल्या, लग्नपत्रिका ज्याने केल्या त्याला विचारा. या दोन्ही लिपींत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली उतरतो आणि डोक्यावर शिरोरेषा नाही, तेव्हा वरची रीत तिथे तशीच चालत नाही. बिनजोड, बिनमात्रेच्या अक्षराची वाटोळी उंची मोजा आणि तिन्ही लिपी डोळ्यांना सारख्या वजनाच्या दिसतील असे आकार ठरवा, आकड्यांत त्या कितीही वेगळ्या आल्या तरी. लीडिंग मात्र मराठीपेक्षा सैलच लागेल. उर्दू असती तर गोष्टच निराळी होती. नस्तालीक या उर्दू लेखनशैलीचा कातिब (सुलेखनकार) पॉइंटमध्ये मोजतच नाही, कलमाच्या टोकाने उमटणारा नुक्ता (ठिपका) हेच त्याचं माप, आणि अलिफ साधारण तीन नुक्त्यांचा.

पुस्तिका निघाल्याची जाहिरात पेपरात द्याल तेव्हा तिथे पॉइंट-एम काही नाही, कॉलम सेंटिमीटर. १० बाय २ म्हणजे १० सेंटिमीटर उंच आणि २ कॉलम रुंद, २० कॉलम सेंटिमीटर. कॉलमची रुंदी पेपरागणिक वेगळी असते. दोन पेपरांचे दर ताडून बघताना तेवढं लक्षात ठेवा.

राहिला कागद. डेमी म्हणजे १८ बाय २३ इंचाचा ताव. तीन घड्या घातल्या की आठ पानोळ्या (दोन्ही बाजूंनी छापायचे कागद), प्रत्येक पावणेसहा बाय ९ इंच, कापून साडेपाच बाय साडेआठ. मिलिमीटरमध्ये १४० बाय २१६. डिजिटल प्रेसवाला तुम्हाला ‘ए५ करूया, जवळजवळ तेच’ असं म्हणेल. ते तेच नाही. ए५ म्हणजे १४८ बाय २१०, रुंदीला ८ मिलिमीटर जास्त, उंचीला ६ कमी. तुमच्या १६२.४ मिलिमीटरच्या मजकुराच्या वरखाली मिळून साधारण ५४ मिलिमीटर समास होता, तो ४८ वर येईल आणि बाजू मोकळ्या पडतील. मोजून बसवलेलं पान एका कापात परकं दिसायला लागेल.

मोजमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, पण कागदाच्या दुकानात अजून इंचच बोलतात. तुम्हाला २३ बाय ३६ मागायचा आहे, दुप्पट डेमी. एका तावात १६ पानोळ्या, म्हणजे छापील ३२ पानं, १६ पानांचे दोन फर्मे. पुस्तिका ९६ पानांची धरली तर प्रतीला ३ ताव, ५०० प्रतींना १,५०० ताव, म्हणजे बरोबर ३ रीम, वर नासधुशीसाठी थोडे जास्त. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम) या मापाच्या रीमचं वजन १८.७ किलो बसतं. दुकानदार किलोने भाव सांगत असेल तर रीम काट्यावर ठेवायला सांगा, वजन बरंच कमी भरलं तर कागद ७० चा नाही. तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर येतील असा मागा, नाहीतर पानं ताठ राहतात आणि उघडलेली पुस्तिका पेटीशेजारी आपोआप मिटते. कागदवाल्याकडे इंच आणि किलो बोला, प्रेसच्या ऑर्डरवर मात्र कापून झालेलं माप १४० बाय २१६ मिलिमीटर असंच लिहून द्या.